बँकेत चिल्लर भरायला गेला आहात कधी? अनुभव सांगा

गोधडी:
काल माळा आवरताना आईचा तांब्याचा गडू हाताला लागला. भलताच जड. आत चिल्लर आणि वर वहीच्या पानाची चिठ्ठी, ‘३१२ रु. मोजले’. अक्षर तिचंच. तिला जाऊन सहा वर्षं होतील आता. फरशीवर ओतून मोजले, बरोबर ३१२ भरले.

मग २०११ चा जून आठवला. चाराणे बंद होणार, २९ तारखेपर्यंतच बदलून मिळणार असं पेपरात आलं होतं. आईकडे एकशे साठ चाराणे, म्हणजे चाळीस रुपये. आमच्या शाखेत घेईनात. ज्या शाखांत छोट्या नाण्यांचा डेपो होता तिथेच घेत होते. मी म्हटलं, चाळीस रुपयांसाठी एवढ्या लांब कशाला? ती म्हणाली, "चालत जाऊ." काउंटरवर तिने रुमालाची गाठ सोडली आणि चार-चारच्या चळती लावल्या, प्रत्येकीत गेंडा वर. कॅशियरने नुसतं बोट फिरवून मोजलं. दहाच्या चार नोटा घेऊन पावसात भिजत परत आलो. रस्ताभर मी तिच्याशी बोलले नाही. काल गडू मांडीवर घेऊन ते सगळं डोळ्यांपुढे आलं.

तुमचेही लिहा ना.

बकुळ:
३१२ च भरले वाचलं आणि पोटात कालवलं गं. नंतर लिहिते, कुकर लावलाय.

आडवाट:
आमचं स्टेशनरीचं दुकान होतं. दहाची नाणी गिऱ्हाईक घेईना, होलसेलवाला घेईना, बँकेत नेली तर तिथेही मान हलवली. का, तर काहींवर ₹ चं चिन्ह आहे, काहींवर नाही, म्हणून खोटी असतील. चिन्ह २०११ पासून आलं, त्याआधीची नाणी त्याशिवायच असणार ना! २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने पत्रक काढलं की दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार आहेत आणि सगळे चालतात. प्रिंट काढून मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली, शिवाय रिझर्व्ह बँकेच्या १४४४० या माहितीच्या फोन नंबरवरची रेकॉर्डिंग स्पीकरवर ऐकवली. घेतली सगळी. ती प्रिंट गल्ल्यावर काचेखाली ठेवली ती दुकान बंद होईपर्यंत.

सांजवात:
@आडवाट दुकान का बंद केलंत? तुमच्याकडच्या शाईच्या बाटल्यांबद्दल मागे लिहिलं होतंत, छान होतं ते.

आडवाट:
गुडघे हो. दिवसभर उभं राहणं होईना. आता ऑपरेशन झालंय, बरा आहे.

कॅशियरकाका:
मी आतल्या बाजूचा, एकतीस वर्षं काउंटरवर काढली. दोन शब्द आमच्या बाजूने. किती नाणी भरायची याला ग्राहकावर मर्यादा नाही, बँकेने घ्यायलाच हवीत. रुपया-दोनची वजनावर घ्या असंही रिझर्व्ह बँकेने सांगितलंय. पण मिसळलेली असली की वजनाचा उपयोग नाही. जुना मोठा रुपया आणि २०११ नंतरचं दोनचं नाणं हातात घेऊन बघा, आकार आणि वजन जवळजवळ सारखंच. घाईत चळतीत एक चुकीचं गेलं की संध्याकाळी कॅश जुळत नाही आणि कमी पडलेले कॅशियर खिशातून भरतो. म्हणून एका पिशवीत एकाच किमतीची शंभर नाणी घालून आणा. मोजणाऱ्याचा जीव हलका होतो खरंच. एक आजी अशा आणायच्या, प्रत्येक पिशवीला वेगळ्या रंगाचा दोरा. त्यांच्या पिशव्या मी निम्म्या मोजायचो, निम्म्या विश्वासावर. चूक कधी निघाली नाही.

तीन_मांजरं:
दोरा!! किती गोड. माझ्या लेकीने मातीचा गल्ला फोडला तेव्हा दहा पूर्ण झाली होती, स्वतःच्या सहीने खातं चालवता येतं म्हणून स्लिप तिनेच भरली. अक्षरी रक्कम लिहिताना ‘फक्त’ दोनदा लिहिलं 😊 काउंटर उंच पडत होता तर कॅशियर बाई बाहेर येऊन बाकावर तिच्याशेजारी बसल्या आणि दोघींनी मोजलं. मागे रांग होती, कुणी एक शब्द बोललं नाही.

पिंपळपान:
माझा अनुभव चांगला नाही. रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या, पदराखाली नाण्यांची पिशवी. "आज माणूस नाही, मंगळवारी या." त्या म्हणाल्या, मंगळवारी आले होते तेव्हा शुक्रवारी या म्हणालात. आणि निघून गेल्या. मी काहीच बोलले नाही, ते अजून सलतं. नंतर कळलं की बँकेकडे लेखी तक्रार द्यायची, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, ऑनलाइन, पैसे लागत नाहीत. त्या बाईंना हे कोण सांगणार होतं?

कॅशियरकाका:
वाईट वाटलं वाचून. असं व्हायला नको.

बकुळ:
आले परत. विषय थोडा वेगळा, पण वीस पैशांचं पिवळं कमळाचं नाणं कुणाकडे आहे का? १९६८ ते ७१ च्या दरम्यानचं. माझं हरवलं, आजोबांनी दिलेलं.

सांजवात:
आहे माझ्याकडे एक, पण काळं पडलंय. चिंचेने घासू का?

कॅशियरकाका:
अजिबात नको! घासलं की नाण्याची रयाच जाते. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसा, बस.

बकुळ:
@सांजवात फोटो तरी टाक ना. बघायला मिळालं तरी पुरे.

आडवाट:
माझ्याकडे आठाण्यांची एक बरणी आहे. बंद झाले ना ते?

कॅशियरकाका:
नाही, आठाणे अजून कायदेशीर चलन आहेत. बाजारात कुणी घेत नाही एवढंच. बँकेत भरा.

गोधडी:
सगळ्यांचं वाचतेय, एकेकाला उत्तर द्यायला जमलं नाही, पाहुणे होते. काकांनी सांगितलं तसं वेगळं करायला बसले. पाचची वीस, दोनची सत्तावन्न. रुपये निघाले अठ्ठ्याण्णव, पिशवीला दोन कमी. पर्समधले दोन घातले आणि लाल दोरा बांधला. चिठ्ठी काढून ठेवली आहे. उद्या दहाला जाते.