मदत हवी आहे : भामरागडच्या मोहफुलांना ठाण्यात गिऱ्हाईक आणि जागा

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात ढोकाळीला राहते. नोकरीनिमित्त पाच वर्षं गडचिरोलीत होते. भामरागड तालुक्यातल्या एका माडिया आदिवासी बायकांच्या बचत गटाशी अजून रोजचं बोलणं आहे. नक्षली आणि पोलीस यांच्या कात्रीत ही गावं चाळीसेक वर्षं भरडली गेली. आता जरा शांतता आहे, पण हातात पैसा येतो तो मे महिन्यात तेंदूची (विडीची) पानं तोडायच्या दोन-तीन आठवड्यांतच. पुढे पोरं कामाला तेलंगणात जातात.

मार्च-एप्रिलमध्ये बायका पहाटे मोहफुलं वेचतात. २०२१ मध्ये राज्य सरकारने त्यावरचे निर्बंध उठवले, तरी बहुतेक माल व्यापारीच पडेल भावाने उचलतो. म्हणून गटाने मोहफुलांचे लाडू, मोहफुलांच्याच मनुका आणि चारोळी विकायचं ठरवलंय. लाडू मी स्वतः खाल्लेत, फार चविष्ट आहेत.

खरी अडचण दमट हवेची. वाळलेलं मोहफूल पाणी ओढतं, बुरशी धरतं. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडची आठ किलो फुलं वाया गेली. त्या बायकांना सांगताना जीभ रेटेना. घोडबंदर किंवा वाशीकडे कुणाकडे कोरडी खोली, हवाबंद पॅकिंग करणारा माणूस आहे का? खाद्यपदार्थाचा परवाना गटाच्या नावाने काढायचा की इथल्या पत्त्यावर? आणि दिवाळीत सोसायटीत एक टेबल लावू देणारे कुणी असाल तर कृपया कळवा. भाडं देऊ, फुकट नको. मला गटाला शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे.