थंडरबर्ड : काम करणाऱ्याचा पडदा न विचारता का बदलता?

अक्कलकोट_रोड

आमचं टेरी टॉवेलचं एक्स्पोर्ट आहे, एमआयडीसीत. ऑफिसची सगळी मेल थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅमवर, फार पूर्वीपासून. फुकट मिळतं म्हणून नव्हे. मेल आपल्या मशीनवर राहते, नेट गेलं तरी जुना पत्रव्यवहार उघडतो, आणि बायरने चार वर्षांपूर्वीच्या पीओबद्दल, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरबद्दल, विचारलं तर तो लगेच सापडतो. म्हणून मी ते निवडलं आणि ओळखीच्या कितीतरी कारखान्यांत टाकायला लावलं. तेव्हा पुढचं लिहिणं आपुलकीतून आहे, हे आधीच सांगतो.

गेल्या काही वर्षांतला क्रम बघा. २०१९ आणि २०२० मध्ये, ६८ आणि ७८ या आवृत्त्यांत, जुने ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, बंद पडले. २०२२ मध्ये १०२ आली, डाव्या कडेला चिन्हांची उभी पट्टी आली, पत्त्यांची वही बदलली. २०२३ च्या ११५ मध्ये तर मुख्य खिडकीच नव्याने मांडली. टूलबार सगळ्या खिडकीच्या डोक्यावर गेला, शोधायची चौकट मधोमध आली आणि मेलची यादी कार्डांसारखी दाखवायची सोय झाली. आज नव्या मशीनवर थंडरबर्ड टाकलं की ही कार्डंच आधी समोर येतात.

आमच्या डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर याचं काय होतं ते सांगतो. तिथं बसणाऱ्या ताई यादी वाचत नाहीत, नुसती नजर फिरवतात. विषय, पाठवणारा, तारीख, अटॅचमेंटची पिन, एका मेलला एक ओळ. डोळा विषयाच्या कॉलममधून सरळ खाली उतरतो आणि पीओ नंबर दिसला की थांबतो. कार्डात एका मेलला दोन-तीन ओळी लागतात. पडद्यावर निम्म्या मेलसुद्धा मावत नाहीत. पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय एकाखाली एक येतात, त्यामुळे नजर कॉलममधून उतरतच नाही, प्रत्येक कार्डावर अडखळते. एलसीची, म्हणजे बँकेच्या पैशांच्या हमीपत्राची, मुदत डोक्यावर असते, पॅकिंग लिस्ट आणि बीएलचा (जहाजाच्या माल-पावतीचा) ड्राफ्ट जुळवायचा असतो, तेव्हा हे अडखळणं परवडत नाही. एलसीतली एक तारीख नजरेतून सुटली तर बँक कागदांत खोट काढते आणि पैसे अडकतात.

मागावर ताणा चढलेला असताना कुणी डॉबी (नक्षी पाडणारं यंत्र) बदलत नाही. बीम संपू देतात, मग हात घालतात. माझी मागणी तेवढीच आहे. नवी मांडणी नव्या माणसाला द्या. जो आधीपासून वापरतोय त्याला अपडेटनंतर पहिल्यांदा उघडताना विचारा, की जुन्यासारखं ठेवू का. आणि मशीन बदललं तरी त्याची जुनी मांडणी त्याला एका बटणावर मिळू द्या.

हिंजवडीत_सोलापूरकर

काका, तुमची अडचण खरी आहे. पण ती ज्याच्या माथी मारताय, तिथं माझा आक्षेप आहे.

थंडरबर्डच्या पोटात मोझिलाच्याच फायरफॉक्स ब्राउझरचं इंजिन आहे, गेको. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ ने जुने ॲड-ऑन बंद केले आणि पुढे झूल ही खिडक्या-बटणं मांडायची जुनी पद्धत इंजिनातून टप्प्याटप्प्याने काढायला घेतली. थंडरबर्डचा जवळपास सगळा चेहरा त्या झूलवर उभा होता. मग दोनच वाटा राहिल्या. जुन्या इंजिनावर थांबायचं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्यांना मुकायचं, नाहीतर घर पुन्हा बांधायला घ्यायचं. तुमच्या ताई ज्या यादीवर नजर फिरवतात ती यादीसुद्धा झूलची होती, ११५ मध्ये ती नव्याने लिहिली. कुणाला हौस आली म्हणून हे झालेलं नाही.

आणि हे करायला माणसं कुठं होती? पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ ची. २०१२ मध्ये मोझिलाने सांगून टाकलं की इथून पुढे नवं काही करण्यापेक्षा आहे ते टिकवण्यावर भर राहील. २०१५ मध्ये थंडरबर्ड वेगळं काढायची भाषा सुरू झाली. मधली वर्षं बहुतांशी स्वयंसेवकांच्या जिवावर निघाली. २०२० मध्ये एमझेडएलए ही स्वतंत्र उपकंपनी झाली, देणग्या वाढल्या, २०२२ मध्ये सुमारे ६४ लाख डॉलर आले, तेव्हा कुठे पगारी माणसं वाढवता आली.

"जुन्यासारखं ठेवू का" हा प्रश्न विचारायला सोपा आहे. कुणी "हो" म्हटलं की ती जुनी मांडणी पुढची कित्येक वर्षं जिवंत ठेवावी लागते. प्रत्येक दुरुस्ती दोन मांडण्यांवर, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर तपासायची. त्यात जो वेळ जातो तो कुठल्या तरी कामातून काढावा लागतो. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजची मेल ॲड-ऑनशिवाय थेट घ्यायची सोय लोक वर्षानुवर्षं मागत होते. ती २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये १४५ मध्ये आली. जुना पडदा सांभाळत बसले असते तर ती आणखी लांबली असती, असं मला वाटतं.

साखर_पेठ

एवढा खटाटोप कशाला? ब्राउझरमध्ये मेल उघडा की ओ. कुठंही बसा, मोबाईलवर बघा, अपडेटची भानगडच नाही.

अक्कलकोट_रोड

@साखर_पेठ, ब्राउझरमधली मेलही बदलतेच, आणि तिथं तर थांबायचीही सोय नाही. शिवाय आमचे खाते चार, डोमेन वेगवेगळे, जुनी मेल पीओपीने उतरवून मशीनवर ठेवलेली. ती माझी आहे. उद्या मेलसेवा देणारा बदलला तरी माझं फोल्डर माझ्या डिस्कवर राहतं. हा हक्क सोडून मला सोय नको.

पूर्व_भाग_अकाउंट्स

मी युनिफॉर्मच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. काकांचा मुद्दा वाचला, पण त्यात आमच्यासारख्या मुली कुठंच नाहीत.

आमच्याकडे दरवर्षी नवीन मुली लागतात. बी.कॉम. झालेल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, मेल फक्त मोबाईलवर बघितलेल्या. त्यांना जुना थंडरबर्ड दाखवला की त्या घाबरायच्या. इतके कॉलम, इतके मेनू, कुठं दाबायचं? कार्ड बघितलं की त्यांना ओळखीचं वाटतं. वर नाव, खाली विषय, बाजूला तारीख. पहिल्या दिवसापासून त्या कामाला लागतात. आमचे लॅपटॉप छोटे आहेत, त्यावर यादी डावीकडे आणि मेल उजवीकडे अशी मांडणी कॉलमवाल्या यादीत बसतच नाही, विषय अर्ध्यात तुटतो. कार्डात तो पूर्ण दिसतो.

ज्यांना सवय आहे त्यांच्या डोळ्यांचा विचार करा, जरूर करा. पण ज्यांना सवय लागायची आहे त्यांनाही डोळे आहेत. सॉफ्टवेअर पुढची वीस वर्षं टिकायचं तर ते आमच्याकडेच येणार आहे ना?

नवी_पेठ_संगणक

मी ऑफिसांना मेल बसवून देतो, त्यामुळे दोन्हीकडची रड ऐकतो. वाद तुम्ही घाला, कामाचं तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे, "थंडरबर्ड बिघडलं" म्हणून येणारे निम्मे फोन थंडरबर्डचे नसतातच. ३० मे २०२२ पासून गूगलने नुसता पासवर्ड टाकून बाहेरच्या प्रोग्रॅमने लॉगिन करणं साध्या खात्यांसाठी बंद केलं. खात्याच्या सेटिंगमध्ये ओऑथ२ (गूगलच्याच पानावरून लॉगिन करायची पद्धत) निवडलं की काम होतं, ती सोय थंडरबर्डमध्ये आधीपासून होती. पण त्याच सुमाराला १०२ आली, चेहरा बदललेला दिसला, आणि लोकांनी सगळं खापर त्यावर फोडलं.

दुसरं. साइटवरचं मोठं बटण दाबून उतरवलं तर मार्च २०२५ पासून दरमहा बदलणारी आवृत्ती मिळते. ऑफिसात ती टाकूच नका. ईएसआर नावाची वर्षातून एकदा मोठा बदल घेणारी आवृत्ती अजून आहे, मधल्या काळात तिला फक्त दुरुस्त्या येतात. ती शोधून टाका. मार्च अखेरीला कुणाचाच पडदा बदलता कामा नये, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

तिसरं, काकांसाठी. यादीच्या वर उजवीकडे एक छोटं चिन्ह आहे, तिथून कार्ड की टेबल ते ठरतं. टेबल घेतलं की कॉलम एका फोल्डरमध्ये हवे तसे लावा. मग कॉलम निवडायच्या चिन्हावर जाऊन तेच कॉलम त्या फोल्डरला आणि आतल्या उपफोल्डरांना लावायचा पर्याय आहे. बऱ्याच जणांना हा माहीतच नसतो, बिचारे एकेक फोल्डर लावत बसतात. ओळींची उंची डेन्सिटीतून सगळ्यात घट्ट करा. बऱ्यापैकी जुन्यासारखं होतं.

आणि विंडोज ७ वाल्यांनो, तुमच्यासाठी ११५ हीच शेवटची. पुढचं बसणार नाही, प्रयत्नात वेळ घालवू नका.

हिंजवडीत_सोलापूरकर

हेच म्हणतोय मी. सोय आहे, शोधावी लागते. ज्यांना तेवढंही नको त्यांच्यासाठी बेटरबर्ड आहे, थंडरबर्डचाच ईएसआर घेऊन त्यात आपले बदल घालणारं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नापसंतीला ही वाट कायम उघडी असते. बंद सॉफ्टवेअरमध्ये ती नसते.

अक्कलकोट_रोड

@पूर्व_भाग_अकाउंट्स, ताई, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि माझ्या मागणीच्या ते आड येत नाही. तुमच्या मुली नव्या आहेत, त्यांना कार्ड द्या. मी कुठं म्हणालो कार्ड काढून टाका?

@हिंजवडीत_सोलापूरकर, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधताय. झूल गेलं, यादी पुन्हा लिहावी लागली, हे मान्य. त्याबद्दल त्या लोकांचे आभारच मानतो, ऑफिसकडून दरवर्षी देणगीही जाते. पण टेबलवाली यादीसुद्धा त्यांनी नव्या कोडमध्येच लिहिली आहे ना? म्हणजे दोन्ही मांडण्या त्यांना सांभाळायच्याच आहेत. मग आतलं कोड जुनं की नवं हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न असा, की कुणासमोर कुठली मांडणी आधी ठेवायची, आणि ते ठरवताना जुन्या माणसाला विचारायचं की नाही. त्याला जास्तीची माणसं लागत नाहीत.

ॲड-ऑनचंही तसंच. जुने ॲड-ऑन जाणार हे अटळ होतं, ठीक. पण फोल्डर आपल्याला हव्या त्या क्रमाने लावायची सोय लोक इतकी वर्षं ॲड-ऑनवर भागवत होते. ती मूळ थंडरबर्डमध्ये आली २०२५ च्या १४० मध्ये. यादीची मांडणी सगळ्या फोल्डरांना एकदम लावायच्या सेटिंग्जही त्याच आवृत्तीत. ११५ आली २०२३ ला. म्हणजे आधी सगळ्यांची घडी मोडली आणि ती परत बसवायची साधनं दोन वर्षांनी दिली. हा क्रम उलटा हवा होता. आधी साधनं, मग बदल.

बेटरबर्डचं म्हणाल तर ते चांगलंच आहे. पण ऑफिसच्या वर्षानुवर्षांच्या मेलसाठी मी मोजक्या माणसांच्या भरवशावर किती जायचं? आणि नव्या आवृत्तीत एकदा उघडलेलं प्रोफाइल, म्हणजे मेल आणि सेटिंग्जचं फोल्डर, जुन्या आवृत्तीत परत उघडायला थंडरबर्ड अडवतं. अपडेट झालं की मागे फिरणं अवघड. म्हणून तर आधी विचारा म्हणतोय.

हिंजवडीत_सोलापूरकर

साधनं आधी, बदल नंतर, हा मुद्दा पटला. १४० मधल्या सेटिंग्ज ११५ बरोबर यायला हव्या होत्या. याच्यावर वाद नाही.

पण टेबल आणि कार्ड दोन्ही आहेत म्हणून फुकटात निवड देता येते, हे खरं नाही. तुम्हाला फक्त यादी दिसते. ११५ मध्ये टूलबार, फोल्डरांचा रकाना, शोधायची चौकट सगळंच हललं. "जुन्यासारखं ठेवा" म्हणणाऱ्याला ते सगळं जुनं लागतं, नुसतं टेबल दिलं की तो दुसऱ्या दिवशी टूलबार मागतो. टूलबारची जुनी जागा नव्या कोडमध्ये नाही. ती द्यायची म्हणजे दुप्पट काम, आणि मी म्हणतोय ते इथंच.

नवी_पेठ_संगणक

टूलबार जाऊ दे ओ. आठ दिवसांत हाताला बसतो, गिऱ्हाइकांकडे बघितलंय. यादी बसत नाही. मागणी यादीपुरतीच ठेवा, कुणीतरी ऐकेल तरी.

पूर्व_भाग_अकाउंट्स

माझीही एक घाला त्यात. पहिल्यांदा उघडताना कार्ड आणि टेबल, दोन्हींचं चित्र शेजारी शेजारी दाखवा आणि निवडायला सांगा. नव्या मुलीलाही आणि काकांच्या ताईंनाही. दोघींना एकच प्रश्न.

अक्कलकोट_रोड

हे मला माझ्या मागणीपेक्षा चांगलं वाटतं. मोझिला कनेक्टवर सूचना टाकता येतात, तिथं टाकू. दोन मुद्दे : पहिल्यांदा उघडताना यादीची निवड, आणि मोठ्या अपडेटआधी "काय बदलणार" याची एक सूचना, तीही अपडेट व्हायच्या आधी, झाल्यावर नाही. तिसरा मुद्दा माझा, जुना पडदा मागितल्यावर मिळावा. हिंजवडीकर, इंग्रजीतला मसुदा तुम्ही करून देता का? टेबल आणि कार्डाचे फोटो मी काढून ठेवतो, बायरची नावं झाकून.

हिंजवडीत_सोलापूरकर

देतो, रविवारपर्यंत. पहिले दोन मुद्दे मनापासून लिहीन. तिसरा मात्र माझ्या मसुद्यात येणार नाही, तो हवा तर तुम्ही वेगळा टाका. तिथं मी त्याच्या विरोधात लिहीन.