मदत हवी आहे: एका हाताने घालता येईल अशी ठुशी (तातडीचं)

मणीमाळ:
ठुशी मीच गुंफते, तरी अडकलेय. आईला स्वतःची स्वतः घालायची आहे. नेहमीचा हूक तिला जमत नाही. लोहचुंबकाचा लावला, तर पदर सारखा करताना सुटून ठुशी थेट आमटीत. गुरुवारी लग्न आहे. "तुम्हीच घाला की" असं कोणी लिहू नका, तेच तिला नकोय.

पेठकर:
कुठला हात? बोटं चालतात का? ठुशीचं वजन? काहीच लिहिलं नाहीये.

मणीमाळ:
डावा. अर्धांगवायूनंतर मूठ वळलेलीच असते. २२ ग्रॅम.

खडीसाखर:
चुंबकच घ्या, पण मोठा, दुहेरी. माझ्या सासूबाईंना संधिवात आहे, चार वर्षं तोच वापरतात.

निळावंती:
आधी सांगा, पेसमेकर आहे का? असेल तर चुंबक त्यापासून १५ सेंमी तरी लांब हवा.

मणीमाळ:
आहे. पण फासा मानेमागे असतो ना?

निळावंती:
घातल्यावर. काढताना हात छातीवरूनच खाली येतो. आणि हे पहिल्यांदाच सांगायचं नाही का?

खडीसाखर:
उगाच घाबरवू नका. एवढासा तर चुंबक.

निळावंती:
"मोठा, दुहेरी" तुम्हीच लिहिलंय वर.

गोदाकाठ:
मागे रबर लावून डोक्यातून घाला, सोप्पं!

पेठकर:
गळा ३४ सेंमी, डोकं ५६. मागचं ८ सेंमी रबर ३० पर्यंत ताणायचं, तेही एका हाताने? अंबाडा तर धरलाच नाही मी.

गोदाकाठ:
बरं. ठुशी काळी पडली असेल तर रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशने घासा.

मणीमाळ:
काळी पडलेली नाही.

लेकुरवाळी:
गोंडे कुठून घेता? रविवार पेठेत मिळतील का?

एकहाती:
माझा उजवा हात कोपराखाली नाही. फासा काढून टाका, सरकत्या मण्याचा गोंडाच ठेवा, पण कमरेपर्यंत लांब. ठुशी डोक्यातून उलटी घालायची, गोंडा पुढे. टोकाला बांगडीएवढी कडी बांधा, ती वळलेल्या मुठीत अडकवून मूठ मांडीवर. चांगल्या हाताने मणी वर ढकलायचा, मग ठुशी फिरवायची. कडी मागे पदराआड जाते. मणी बोराएवढा, खरबरीत घ्या. दोरी सुती, रेशमी निसटते. मी कडी सरळ दातात धरते.

मणीमाळ:
आत्ता साध्या दोरीवर करून पाहिलं. मुठीत अडकवून सहाव्या वेळी जमलं. दातात नाही जमणार, कवळी आहे.

पेठकर:
हेही आत्ता सांगताय.