हँडगार्ड, लेगगार्ड आणि गाडीला आपण लावलेलं बाकी सगळं : अनुभव सांगा

कृष्णाकाठ

शेजारच्या मुलाने नवी हिमालयन मोटरसायकल घेतली. काल अंगणात मुठींपुढे हात झाकणारे हँडगार्ड बसवत होता, मी पाना द्यायला उभी. त्याची आई गॅलरीतून म्हणाली, "त्या प्लास्टिकात कशाला पैसे घातलेस?" आणि मला बाबांच्या उजव्या हाताची करंगळी आठवली.

बाबा ग्रामसेवक होते. एम-एटी गाडीवर आष्टा, वाळवा, बोरगाव असं रोजचं फिरणं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रात्री समोरून ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या आणि ऊस दोन्ही अंगांना हातभर बाहेर आलेला. ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू असला तर ट्रॉलीची रुंदी कळतच नाही. अशाच एका उसाचा बुडखा मुठीवर बसला. करंगळी मोडली, वाकडी जुळली, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी गावातल्या वेल्डरकडून लोखंडी पट्टी वाकवून घेतली, ऑइलचा पाच लिटरचा कॅन उभा चिरला आणि दोन्ही मुठींपुढे बोल्टने आवळला. दूधवाल्यांनी ते पाहिलं आणि पुढच्या हंगामापर्यंत गावातल्या बऱ्याच गाड्यांना तसे अर्धे कॅन दिसायला लागले.

म्हणून माझं मत पक्कं आहे. गाडीला पहिलं काही लावायचं तर ते हातांसाठी. पण त्या मुलाचे मित्र म्हणत होते की कंपनीने दिली तशीच गाडी ठेवावी, एक स्क्रूसुद्धा बदलू नये. तुम्ही काय लावलंय, काय काढून टाकलंत, का? लिहा सगळ्यांनी.

घाटवाट

वरंधा घाटात शेवाळावर गाडी आडवी झाली, वेग काहीच नव्हता. क्लचचा लिव्हर मुळातून तुटला. महाडपर्यंत क्लचशिवाय. गाडी ढकलून पहिला टाकायचा, मग आवाजावर गिअर बदलत जायचं, जमतं ते. तेव्हापासून हँडगार्ड आहेच आणि तोही अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असलेला, जो मुठीच्या टोकाला आणि हँडलला असा दोन जागी धरतो. नुसतं प्लास्टिकवालं एका बाजूने मोकळं असतं. वारा, पाऊस, करवंदीच्या फांद्या अडवतं, पण गाडी पडली की लिव्हर वाचवत नाही. दोन्हींना लोक हँडगार्डच म्हणतात आणि दुकानदार विचारत नाही कुठला हवा.

मूळ_गाडी

तुमच्या शेजाऱ्याच्या मित्रांच्या बाजूने लिहितो. मी गॅरेज चालवतो, चाकणजवळ. हँडगार्ड वाईट नाही, बसवणारे घाई करतात. गाडी उभी करा, हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. गार्ड टाकीला किंवा काचेला टेकतोय का बघा. ब्रेकचा होज, क्लचची केबल पट्टीखाली दाबली जातेय का बघा. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मूठ आपोआप मागे येते ना? माझ्याकडे एक गाडी आली होती, उजवीकडे वळताना रेस आपोआप वाढायची. कारण फक्त गार्डचा क्लॅम्प. यू-टर्नमध्ये माणूस गेला असता.

दुसरं, मुठीच्या टोकाची वजनं. ती शोभेची नसतात, हँडलची थरथर कमी करायला असतात. गार्ड लावताना काढली की काही गाड्यांना ऐंशीच्या वेगाला हाताला मुंग्या येतात. गार्डबरोबर वजन मिळतं का ते विचारून घ्या.

आणि अशा दोन्हीकडून बंद पट्टीच्या गार्डमध्ये पडताना मनगट अडकू शकतं. घाटवाट यांना हे माहीत असेलच.

घाटवाट

माहीत आहे. डोंगरात माझा वेग वीस-पंचवीस असतो, तिथे लिव्हर जास्त महत्त्वाचा वाटतो. हायवेवरच फिरणाऱ्याला मी बंद पट्टी सुचवणार नाही.

निफाडकर

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाचाच्या खाली उतरतो. पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला जायचं, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. हातमोजे घातले तरी बोटं ब्रेकवर वळत नाहीत. हँडगार्डने फरक पडतो, खरंच पडतो. त्याआधी रेक्झिनच्या पिशव्या लावायचो मुठींवर, आत फर असलेल्या, उत्तरेत दूधवाले लावतात तशा. ऊब जास्त, पण हॉर्न आणि इंडिकेटर दिसत नाहीत, चाचपडावं लागतं. आता बायको शाळेत स्कूटीवर जाते, तिच्या गाडीलाही लावायचंय. स्कूटरला बसतं का कुणी सांगेल?

तीन_चाकं_एक_बाक

निफाडकर, द्राक्षं कशी आहेत यंदा? आमच्याकडे बेदाण्याचे भाव पडलेत.

निफाडकर

छाटणीच्या वेळी पाऊस झाला हो. घड कमी. तुम्ही तासगावचे का?

तीन_चाकं_एक_बाक

हो. बेदाण्यावर वेगळं बोलू, इथे रागावतील. विषयावर येते. माझा भाऊ पोलिओमुळे डाव्या पायाने अधू. स्कूटरला मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं लावून घेतली, आरटीओत दाखवून आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नोंद केली. त्याआधी कॉलेजला मी सोडायचे, थांबायचे, परत आणायचे. चाकं लागल्यावर त्याने पहिल्याच दिवशी मला न सांगता मिरजेपर्यंत फेरी मारली. घरी ओरडा खाल्ला आणि हसत होता. मॉडिफिकेशन म्हटलं की सगळे सायलेन्सर आणि स्टिकरच बोलतात, म्हणून लिहिलं.

कृष्णाकाठ

ताई, फार बरं वाटलं वाचून. भावाला नमस्कार सांगा.

पतंगगल्ली

येवला. संक्रांतीला तीन दिवस पतंग. नायलॉन मांजावर बंदी आहे तरी येतोच. मी हँडलच्या दोन्ही टोकांमधून डोक्याच्या वर जाणारी स्टीलची कमान लावतो, जानेवारीपुरती. मांजा गळ्याला लागायच्या आधी तिच्यावरून सरकतो. गळ्याला जाड मफलरही. नाशिकला बरेच जण लावतात आता. दिसायला कशीही दिसो, मुलीला पुढे उभं करून नेतो मी, कमानीशिवाय बाहेर काढतच नाही.

मूळ_गाडी

पतंगगल्ली, मुलीला पुढे उभं करू नका एवढंच सांगतो. मागे बसवा, पट्ट्याने बांधा. कमान उत्तम आहे.

पतंगगल्ली

बरोबर आहे दादा. पट्टा आणतो.

काळा_कोट

कायद्याचं थोडं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हँडगार्डने इंजिन, चासी, आसनं, इंधन काहीच बदलत नाही. सायलेन्सर बदलला की आवाजाचे नियम येतात. रंग पूर्ण बदललात तर आरसीत नोंद हवी.

आणि साडी गार्ड काढून फेकू नका. मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं कवच हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. नवी गाडी घरी आली की पहिलं तेच काढतात पोरं.

डुगडुग

सायलेन्सरबद्दल माझीही बाजू ऐका. माझ्या आजोबांची बुलेट ओढ्याच्या पलीकडून ऐकू यायची, आजी चहा ठेवायची. नव्या गाडीला तो आवाजच नाही. बदलला तर लगेच गुन्हेगार? सायलेन्सरमधून फटाके फोडणाऱ्यांना धरा, जरूर धरा. धडधड आणि फटाका यात फरक आहे.

रात्रपाळी_नर्स

फरक तुम्हाला कळतो. वॉर्डातल्या पेशंटला कळत नाही. आमचं हॉस्पिटल चौकात आहे, रात्री दोनला असा एक आवाज गेला की नुकतीच झोपलेली सगळी बाळं उठतात आणि त्यांच्या आयाही. राग नाही तुमच्यावर, पण एकदा येऊन ऐका.

डुगडुग

हे वेगळ्या बाजूने सांगितलंत. माझा अजून बदललेला नाही, मूळचाच आहे. आजोबांच्या आवाजाची आठवण येते एवढं खरं.

स्टुटगार्टचा_सातारकर

इकडे जर्मनीत मजा नाही, कागद आहे. बाहेरून लावलेल्या बऱ्याच भागांना मंजुरीपत्र लागतं, नसेल तर तपासणी केंद्रात दाखवून गाडीच्या कागदांत नोंद. सुरुवातीला वैताग यायचा. आता दुकानात वस्तू उचलली की आधी तिचं पत्र बघतो. कास पठारावर गाडी घेऊन यायचं आहे एकदा, कधी जमतंय.

घाटवाट

या. फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवार टाळा.

दिवेलावणारा

जादा लाइट लावणाऱ्यांना विनंती. वायर कापून सरळ स्विचला जोडू नका. रिले (लाइटचा करंट स्वतःवर घेणारा छोटा स्विच) आणि फ्यूज हवाच, नाहीतर स्विच जळतो, वायरिंग तापतं. शिवाय वायर कापली की वॉरंटी नाकारली जाते, आणि त्यात कंपनीची चूक नाही. आंबोलीत धुक्यात मला पांढऱ्यापेक्षा पिवळा बरा वाटतो, पांढऱ्याची समोर भिंतच उभी राहते. आणि तो प्रकाश खाली रस्त्यावर पडू द्या, समोरच्याच्या डोळ्यात नको. ऊसवाल्या ट्रॉल्यांचं लिहिलंय वर, त्या ट्रॅक्टरवाल्याला आंधळा केलात तर तो अजून तुमच्याच अंगावर येणार.

हंगामी_चालक

मी ट्रॅक्टर चालवतो, हंगामात. ताईंच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मी स्वतः ट्रॉलीच्या चारी कोपऱ्यांना लाल-पिवळी चमकती पट्टी लावतो, मागच्या ट्रॉलीलाही. खर्च फार नाही. पण भरताना टोळी घाईत असते, खेपेवर पैसे असतात, ऊस बाहेर राहतो. मोटरसायकलवाल्यांनी समोर एकच दिवा दिसला तर मोटरसायकल समजू नका, डावीकडे जा आणि थांबा.

कृष्णाकाठ

दादा, पट्टी लावता हे वाचून समाधान वाटलं. तुमच्या टोळीतल्या बाकी ट्रॅक्टरवाल्यांनाही सांगा, हात जोडून सांगते.

शेजारचा मुलगा हे सगळं माझ्या फोनवर वाचतोय. विचारतो, क्लॅम्प कुठल्या मापाचा घ्यायचा? त्याने घेतलेला सैल होतोय.

मूळ_गाडी

हँडल मोजायला सांगा. बऱ्याच गाड्यांना २२ मिलिमीटर असतं, काहींना मधे जाड २८. सैल होत असेल तर जाड हँडलचा क्लॅम्प दिला असणार. रबर कोंबून घट्ट करू नका, बदलून घ्या. स्कूटरचं विचारलं होतं निफाडकरांनी : बहुतेक स्कूटरना हँडल प्लास्टिकने झाकलेलं असतं, क्लॅम्पला जागाच नसते. टोकाला धरणारे छोटे मिळतात, पण ते नुसता वारा अडवतात. मॅडमना चांगले हातमोजे घेऊन द्या.

घाटवाट

आणि त्या मुलाला सांगा, सीटखाली जादा क्लच लिव्हर ठेव. जादा केबल टाकून दे जुन्या केबलशेजारूनच, वर चिकटपट्टी. तुटली की फक्त दोन टोकं जोडायची. लिव्हरचा बोल्ट अगदी करकचून आवळू नको, पडल्यावर तो फिरायला हवा, मग तुटत नाही.