क्वेल यांचं लॅटिन

'लॅटिन अमेरिकेत जायचं होतं, तर लॅटिन नीट शिकायला हवी होती' हे वाक्य अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांच्या नावावर सांगितलं जातं, पण ते त्यांचं नाहीच. १९८९ साली त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या खासदार क्लॉडिन श्नायडर यांनी एका भाषणात तो किस्सा रंगवून सांगितला आणि शेवटी हा विनोद असल्याचंही सांगून टाकलं. छापताना काहींनी नेमका तो शेवट गाळला!

बटाट्याचा किस्सा मात्र अस्सल. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ट्रेंटन शहरातल्या एका शाळेत एका मुलाने फळ्यावर 'पोटॅटो' अचूक लिहिलं, तर उपराष्ट्राध्यक्ष महाशयांनी त्याला शेवटी जादा 'ई' जोडायला लावला. हातातल्या कार्डावरही तसंच चुकीचं स्पेलिंग होतं म्हणे. पण कार्ड वाचून मुलाला चुकीचं ठरवायचं म्हणजे कमालच.

अलास्काच्या माजी गव्हर्नर सॅरा पेलिन यांचं 'माझ्या घरातून रशिया दिसतो' हेही लॅटिनच्या वाक्यासारखंच, त्यांचं नव्हेच. ते विनोदी अभिनेत्री टीना फे हिने २००८ मध्ये त्यांची नक्कल करताना म्हटलं. पेलिन म्हणाल्या होत्या की अलास्कातल्या एका बेटावरून रशिया दिसतो, आणि तो खरंच दिसतो. अलास्काच्या धाकट्या डायोमीड बेटावरून समोरचं रशियन बेट जेमतेम ४ किलोमीटरवर आहे.