शब्दचर्चा: जनुकीय की आनुवंशिक? आणि मेंदूत 'पेशी' कशी?

मेंदूविकारांवर काम करणाऱ्या एका महिला शास्त्रज्ञाच्या संशोधनाची ओळख मराठीत लिहितोय आणि पहिल्याच वाक्याला अडलोय. 'मेंदूचे आनुवंशिक आजार आणि पेशींचे प्रकार यांचा अभ्यास' असं लिहिलं. पण यातून हे सगळे आजार आईवडिलांकडूनच येतात असं वाटतं का? शिवाय एका हिंदीभाषक मित्राने 'पेशी' वाचून विचारलं, मेंदूत मांसपेशी कुठून आल्या?

———

आधी आभार. 'अनुवांशिक' लिहिलं नाहीत. अनुवंश + इक = आनुवंशिक, पण हल्ली छापलेलंही चुकीचंच दिसतं.

शंका रास्त आहे. आनुवंशिक म्हणजे वंशातून उतरलेलं. जनुकीय म्हणजे जनुकांशी संबंधित, मग तो बदल वारशाने आलेला असो की नव्याने झालेला. रेट सिंड्रोम घ्या, मुख्यतः मुलींना होणारा मेंदूच्या वाढीचा आजार. एमईसीपी२ या जनुकातल्या बिघाडामुळे तो होतो, हे १९९९ साली कळलं. बहुतेक रुग्ण मुलींमध्ये हा बिघाड नव्याने उद्भवलेला असतो. आजार जनुकीय खराच, पण घराण्यात मागे कुणालाच नाही. अशा आईवडिलांसमोर 'आनुवंशिक' म्हणालात तर ते उगाच एकमेकांच्या घराण्यात दोष शोधत बसतील.

———

आणि स्किझोफ्रेनिया? तिथे 'अमुक एक जनुक' असं बोट ठेवता येत नाही. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातली २८७ ठिकाणं सापडली, त्यातल्या बहुतेकांचा वाटा अगदी बारीक. वारशात येते ती प्रवणता, आजार नव्हे. मी तिथे 'जनुकीय प्रवणता' लिहीन.

———

पेशीबद्दल. तुमच्या मित्राची चूक नाही. हिंदीत मांसपेशी म्हणजे आपला स्नायू, आणि 'स्नायु' म्हणजे आपला मज्जातंतू. आपल्या पेशीला ते कोशिका म्हणतात. (नुसती 'पेशी' म्हणजे तर कोर्टातली तारीख!) मराठीत पेशी पक्की रुळली आहे, बदलू नका. मेंदूसाठी मात्र 'चेतापेशी' घ्या. 'मज्जापेशी' वाचून लोकांना हाडातली मज्जा आठवते.

———

मूळ प्रश्नकर्ता: पटलं. पण 'प्रकार' शब्द गाळला तर चालेल? वाक्य जड होतंय.

———

नका गाळू, सगळी गोम तिथेच आहे. हंटिंग्टनचा आजार बघा, मेंदू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार. दोषी जनुक १९९३ मध्ये सापडलं. त्यात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. ४० किंवा त्याहून जास्त वेळा आली की आजार होतोच. हे जनुक शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतं. मग आधी मरतात त्या मेंदूच्या आत खोलवर असलेल्या स्ट्रायटममधल्या एकाच जातीच्या चेतापेशी, त्या का? त्यांच्यात ही माळ आयुष्यभर लांबत जाते. जन्मतः चाळीसेक असलेली पुनरावृत्ती काही पेशींत शेकड्यांवर पोचते. म्हणजे माळ वारशातली, पण तिची वाढ त्या पेशीची स्वतःची. तुमचे दोन्ही शब्द एकाच आजारात लागतात.

हे कळतं कसं? मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूचा गोठवलेला तुकडा घेतात. गोठवताना चेतापेशींचं बाहेरचं आवरण फाटतं, पण केंद्रकं शाबूत राहतात. ती सुटी करून प्रत्येकातला आरएनए (चालू जनुकांची नक्कल) वेगळा वाचायचा. कोणती जनुकं चालू आहेत यावरून गट पडतात. तेच पेशीप्रकार. एक शब्द, जोडून लिहा.

———

ग्लियाला, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींखेरीजच्या पेशींना, मराठी काय? मी 'आधारपेशी' वापरत आलेय.

———

जर्मन शास्त्रज्ञ व्हिर्खोने १८५६ मध्ये नाव दिलं तेव्हा त्याला ती चेतापेशींना धरून ठेवणारी खळच वाटली होती. ग्रीकमध्ये ग्लिया म्हणजे खळ. आज 'आधार' तोकडा पडतो. अल्झायमरचा धोका वाढवणारे ट्रेम२ जनुकातले बदल मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लिया या ग्लियाच्याच एका प्रकारात काम दाखवतात, आणि त्या तर मेंदूच्या राखणदार पेशी. ग्लियाच ठेवा.

———

मूळ प्रश्नकर्ता: मग असं करतो: 'मेंदूविकारांमागचे जनुकीय बदल नेमक्या कोणत्या पेशीप्रकारांत घात करतात, याचा त्या शोध घेतात.' 'घात' जरा नाटकी वाटतोय का?

———

थोडा. पण 'परिणाम करतात'पेक्षा बरा.