अनुभव धागा: समुद्राकाठच्या उपनगरांतले शनिवार-रविवारचे बाजार

वांद्र्यापासून विरारपर्यंत, आणि खाडीपलीकडचे मढ, मनोरी, गोराई, उत्तन धरून, जिथे सुट्टीच्या दिवशी चार-पाच तासांपुरता बाजार भरतो तिथले तुमचे अनुभव इथे लिहा. रोजची मंडई नको, मॉल तर नकोच. कुणाकडून काय घेतलंत, काय बघून परत ठेवलंत, किती वाजता गेलं तर माल बरा मिळतो, असं काहीही चालेल. भावांची जंत्री मात्र नको, पुढच्या आठवड्यात ती शिळी होते. विक्रेत्यांची नावं आणि फोन नंबर टाकू नका, ही विनंती.

सुरुवात मी करते. आमच्या पश्चिमेला मैदानाच्या कडेने रविवारी शेतकऱ्यांचा आठवडे बाजार लागतो. 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि संत सावता माळींच्या नावाच्या योजनेतून शहरांत असे बाजार सुरू झाले, त्यातलाच हा एक. पहिली काही वर्षं जुन्नर-नारायणगावकडचे टेम्पो उजाडायच्या आत येऊन लागायचे. आता पाटी तीच आहे, पण खालचा माल दर वेळी शेतकऱ्याचा असतोच असं नाही. एकाच टेबलावर कोबी, ब्रोकोली, किवी आणि सफरचंदं मांडलेली दिसली की हा माल वाशीच्या घाऊक बाजारातून आला, हे सांगायला ज्योतिषी नको. खऱ्या शेतकऱ्याकडे तीन-चार जिनसा असतात, त्याही एकाच हंगामातल्या. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारते, "दादा, पुढच्या रविवारी काय आणाल?" पिकवणारा जरा थांबतो आणि म्हणतो, "वाटाण्याला अजून पंधरा दिवस आहेत, गवार येईल." विकणारा म्हणतो, "तुम्हाला काय पाहिजे ते सांगा, आणतो."

वसईची माहेरवाशीण

नियम मोडून लिहिते, कारण पापडीचा बाजार शुक्रवारचा. पण मे महिन्यात सासरहून सुट्टी काढून मी त्याच दिवशी माहेरी जाते आणि शनिवार-रविवार घरी ते सुकं उन्हात घालण्यात जातो, तेव्हा चालवून घ्या.

पावसाळ्याची सुक्या मासळीची खरेदी ज्यांच्या घरी होते त्यांनाच त्यातली धांदल कळेल. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे त्या दोन महिन्यांची बेगमी मे संपायच्या आत व्हावी लागते. बोंबील, सोडे, जवळा, करंदी, वाकट्या, मांदेली, खारा बांगडा असं सगळं. आईचा क्रम ठरलेला असायचा. आधी संपूर्ण बाजार रिकाम्या हाताने फिरायचा आणि मग उलट फिरत घ्यायचं.

बोंबील शेकड्याने मिळतात. ते कसे सुकतात हे नायगाव किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर नक्की बघा. बांबूच्या वलांडीवर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकलेले असतात, गाठ नाही की तार नाही. म्हणून चांगला सुका बोंबील ओळखायचा तर आधी त्याचं तोंड बघावं. जबडा धड असेल तर तो दोरीवर सुकलाय. अंगाला वाळू चिकटलेली असेल तर जमिनीवर. मधे वाकवला की तो ताडकन मोडायला हवा. नुसता वाकला तर आत ओल आहे आणि जुलैत त्याला बुरशी धरणार.

जवळ्याचं आणखी वेगळं. मूठभर घेऊन कागदावर टाकायचा आणि कागद हलवायचा. खाली वाळू किती उरते ते विकणारीच्या देखत बघायचं. ती रागावत नाही, उलट तिला कळतं की समोर घरातलं माणूस उभं आहे. सोडे सगळ्यांत महाग, त्यामुळे त्यांच्याकडे हात जाताना आई सगळ्यांत जास्त वेळ घासाघीस करायची आणि शेवटी "चार जास्तीचे टाक गं" यावर मिटायचं. त्या चार सोड्यांवरून दोघींना केवढा आनंद व्हायचा!

घरी आणल्यावर दोन कडक उन्हं द्यायची, गार होऊ द्यायचं आणि मग पत्र्याच्या डब्यात भरायचं. गरम असताना झाकण लावलं तर आत घाम सुटतो.

वांद्र्याचा भाडेकरू

मी जायचो तेव्हा इथला रविवारचा शेतकरी बाजार डिमॉन्टे पार्कात भरायचा. कविता मुखी यांनी 2010 मध्ये सुरू केलेला, पावसाळा सोडून. माल चांगला, भाव वांद्र्याचे. गिटार वाजवणारा एक मुलगा, कुत्री घेऊन आलेली मंडळी आणि त्यात नाशिककडचा एखादा शेतकरी इंग्रजीत "हाऊ मच" ऐकून मराठीत उत्तर देतोय, असं ते दृश्य. मी पालेभाजी आणि गूळ घ्यायचो, बाकी बघायचो. तक्रार नाही. सेंद्रिय पिकवणाऱ्याला थेट गिऱ्हाईक मिळतं, ही छोटी गोष्ट नव्हे.

प्रश्नकर्ती

वांद्र्याच्या मोत माऊलीची जत्रा धरायची का यात? 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर असते.

धागाकर्ती

जत्रेला स्वतंत्र धागा लागेल ताई. इथे दर आठवड्याला भरणारे बाजारच घेऊ.

शेवळंवाली गिऱ्हाईक

पहिला पाऊस झाला की वसई रोड स्टेशनबाहेर आणि नायगावला रविवारी सकाळी आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. तुंगारेश्वरच्या बाजूच्या पाड्यांवरून येतात. ना टेबल, ना छप्पर. डोक्यावर प्लास्टिकचा कागद आणि समोर पळसाच्या पानांवर जुड्या. जूनच्या आरंभी शेवळं, मग टाकळा, कुळू, भारंगी, पुढे कंटोळी. दोन-तीन आठवड्यांत एकेक भाजी संपते आणि पुढची येते, त्यामुळे या बाजाराला कॅलेंडर लागत नाही.

एकदा शेवळांच्या जुड्या उचलल्या आणि पैसे पुढे केले, तर बाई देईचना. "काकडं घे आधी." मी म्हटलं, मी चिंच घालते. "चिंचेने पण जाते खाज, पण चव याची." आणि काकडं, म्हणजे हिरवी आंबट रानफळं, ओंजळभर जुडीवर ठेवूनच तिने पिशवीत टाकली. शेवळं नीट शिजवली नाहीत आणि आंबट घातलं नाही तर घसा खाजतो, त्यामुळे तिचा हट्ट बरोबरच होता. वर देठाचा पिवळा भाग काढून टाकायला सांगितलं, तोही नखाने करून दाखवला. बाजूला उभ्या असलेल्या काकांनी भाव पाडायला सुरुवात केली तेव्हा मात्र ती गप्प बसली आणि दुसरीकडे बघायला लागली. दोन तास जंगल तुडवून आणलेल्या जुडीसाठी पाच रुपयांवरून हुज्जत घालणारी माणसं मला समजत नाहीत. तीच माणसं कॉफीच्या दुकानात मुकाट पैसे मोजतात.

पलीकडच्या बाजूने

मी विकणारी आहे, म्हणून उलट बाजू लिहिते. आमचा बचतगट शनिवारी एका गृहसंकुलाच्या आवारात टेबल लावतो. आगाशीची सुकेळी, कुरडया, आंबोशी, कोकमं, घरचे मसाले. सुकेळी म्हणजे राजेळी केळं सोलून उन्हात वाळवलेलं. सुक्या पानात बांधून ठेवलं की मध सुटल्यासारखं चिकट होतं. लोक पुडक्याकडे बघून "हे काय, विड्या का?" विचारतात. एक तुकडा चाखायला दिला की प्रश्न संपतो.

जागेचं भाडं आधी द्यावं लागतं, पाऊस आला तरी परत मिळत नाही. व्यवस्थापनाने एकदा आम्हाला न सांगता टेबलं कचराकुंडीच्या बाजूला हलवली आणि पुढची जागा एका गृहकर्ज विकणाऱ्या कंपनीच्या छत्रीला दिली. त्या दिवशी विक्री निम्म्यावर आली. आता आम्ही लेखी घेतो.

गिऱ्हाइकांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. सकाळी अकरानंतर येऊन "आता शेवटचं आहे तर कमी करा" म्हणू नका. सुकेळी काही पालेभाजी नाही, पुढच्या शनिवारीही ती तेवढीच चांगली असते. आणि "ऑर्गेनिक आहे का?" विचारलंत तर उत्तर ऐकायला थांबा. आमच्या वाडीत शेणखत असतं, पण प्रमाणपत्र नाही. असं स्पष्ट सांगितलं की लोक नाक मुरडतात आणि शेजारच्या पाटी लावलेल्या टेबलावर जातात. पाटीवर काय लिहिलंय ते कुणी तपासत नाही.

निवृत्त पालिकेकर

वरच्या ताईंच्या जागेच्या मुद्द्यावर थोडं. संकुलाच्या आवारातलं भाडं हा खासगी व्यवहार. पण स्टेशनबाहेर बसणाऱ्यांसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात नैसर्गिक बाजार अशी व्याख्याच आहे: जिथे विकणारे आणि घेणारे पूर्वापार जमत आलेत ती जागा. पन्नास वर्षांहून जुना असा बाजार वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, हेही त्यात लिहिलंय. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही बघताच. पालिकेची गाडी आली की पळापळ, आणि सगळ्यांत आधी पळसाची पानं तुडवली जातात. नोकरीत मी त्या गाडीच्या बाजूला होतो, तेव्हाही ते बघवत नसे.

होडीने जाणारा

वर्सोव्याहून मढला होडीने पाच मिनिटं लागतात. रविवारी सकाळी पलीकडच्या धक्क्याजवळ बसणाऱ्या कोळणींकडून मासळी घेणं हा माझा कार्यक्रम. तिथे किलो कुणी विचारत नाही, वाटा असतो. वाट्यात वर दिसतं तेच खाली असतं का, हे बघायला हात घालायचा. बहुतेक मावशी घालू देतात. एक तर म्हणते, "बघ, खालून पण बघ, मना काय लपवाचा हाय?"

पापलेट 2023 पासून आपला राज्यमासा. त्याच वर्षी राज्याने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, त्याहून लहान पकडायचे नाहीत. तरी तळहाताहून लहान पापलेटांचे वाटे दिसतात आणि स्वस्त म्हणून उडतातही. मी त्याच मावशीला विचारलं तर म्हणाली, तुम्ही घ्यायचं बंद करा, आम्ही आणायचं बंद करू. आता मी त्यांच्याकडून बोंबील आणि मांदेलीच घेतो.

बंदीच्या महिन्यांतही जावं. बिगरयांत्रिक छोट्या होड्यांना बंदी नसते, म्हणून खाडीची बोय, चिंबोऱ्या, निवट्या, कालवं मिळतात. बर्फातली सुरमई त्या दिवसांत घेऊ नका, ती कुठली आणि कधीची हे विचारलं तर नीट उत्तर मिळत नाही.

धागाकर्ती

होडीवाल्या दादांना प्रश्न: पिशवीतून पाणी गळलं तर होडीवाला ओरडतो का? मागच्या वेळी मला उतरवायला निघाला होता.

होडीने जाणारा

ओरडतो. झाकणाचा प्लास्टिकचा डबा न्या, तळाशी वर्तमानपत्र. आणि वसईची माहेरवाशीण, भाईंदरहून येणार असाल तर 2024 पासून वसईला रो-रो फेरीबोट सुरू आहे. सुक्याची पोती घेऊन गाडीसकट जाता येतं. मेमध्ये किती पोती असतात तुमची?

वसईची माहेरवाशीण

पोती नाहीत हो, दोन डबे आणि एक बोचकं. पण त्या वासाने लोकलमध्ये खिडकीची जागा हमखास मिळते, ती सोडून रो-रोने कशाला जाऊ?